कॉनमारा: नाव आलं कुठून, आणि पाटीवर त्याच्यापुढे तो बारका जी कसला?

गॉलवेला_नवीन
मंडळी, सध्या मुक्काम आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवेला. शहराच्या पश्चिमेला जो खडकांचा, तळ्यांचा, दलदलीचा मोठा मुलूख आहे त्याला कॉनमारा म्हणतात. इंग्रजीत लिहिताना दोन एन आणि मध्ये ई, आयरिशमध्ये एकच एन आणि ईच्या जागी ए. इथपर्यंत ठीक आहे. पण आयरिश मजकुरात तेच नाव दर वेळी वेगळ्या वेषात येतं. स्वागताच्या पाटीवर सरळ "फाल्च्ये गो कॉनमारा". पुढे एका माहितीफलकावर कॅपिटल सीच्या आधी बारका जी चिकटवलेला, म्हणजे आधी छोटं अक्षर मग कॅपिटल, मला वाटलं छपाईची चूक. आणि तिथल्या प्रसिद्ध पोनीचं नाव वाचलं तर त्यात सीनंतर एच घुसलेला. ऑफिसातल्या आयरिश लोकांना विचारलं तर "शाळेत होतं, आता काही आठवत नाही" म्हणून हसतात. तर नाव मुळात कुठून आलं आणि ते असं तोंड का बदलतं, कुणाला माहीत आहे का? इथे भाषेतले किडे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

मीठभाकर
किडे हजर होतील. मी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

भाषाखोर
एक किडा हजर.

छपाईची चूक नाही, व्याकरण आहे. आपण नामाचं शेपूट बदलतो, पुणे-पुण्यात, कोकण-कोकणात. आयरिश लोक शेपूट तर बदलतातच, वर डोकंही बदलतात. आधीचा शब्द कोणता आहे त्यावर पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार ठरतो.

"इ" म्हणजे "मध्ये". त्याच्यानंतर कॉनमारा आलं की उच्चार "इ गॉनमारा". याला ते उरू म्हणतात. गंमत अशी की हा बदल आपल्या वर्णमालेतल्या वर्गांप्रमाणे चालतो. पहिलं अक्षर तिसरं होतं आणि तिसरं थेट पाचवं, म्हणजे क चा ग, ग चा ङ, प चा ब, ब चा म, त चा द, द चा न. गॉलवेचं आयरिश नाव गॉलिव्ह, "गॉलवेत" म्हणायचं तर सुरुवातीला ग ऐवजी ङ. ङ ने शब्द सुरू होताना मराठी माणसाने कधी ऐकलाय का! बालवाडीपासून "ङ वाङ्मयाचा" करत आलो, तो बिचारा तिकडे शब्दाच्या दारात उभा असतो. डब्लिनचं नाव बाल्या आहा क्लिया, "डब्लिनमध्ये" म्हणताना बी च्या आधी एम लागतो आणि ऐकू फक्त म येतो.

लिहिताना नवा उच्चार आधी छोट्या अक्षरात, आणि मूळ अक्षर मागे कॅपिटलमध्ये तसंच. मूळ अक्षर बोलायचं नसतं, पण ठेवलेलं असतं, म्हणजे नाव शब्दकोशात कुठे शोधायचं ते कळतं. मला तर ही पद्धत फार आवडते.

गॉलवेला_नवीन
भाषाखोर, __/\__. वर्गांचं हे लॉजिक कुठल्याच आयरिश माणसाने सांगितलं नव्हतं, अर्थात त्यांना क-ख-ग-घ-ङ कुठून माहीत असणार. पण मग तो एच?

भाषाखोर
तो दुसरा प्रकार, शेव्हू. म्हणजे मऊ करणं. क चा ख़ होतो (आपला ख नाही, घशातून घासून येणारा, उर्दू ख़बर मधला), ब आणि म दोन्हींचा व, त चा नुसता ह, आणि फ तर चक्क गायबच होतो. जुन्या आयरिश लिपीत अक्षराच्या डोक्यावर एक टिंब द्यायचे. पुढे रोमन टाइप आणि टाइपरायटर आले, टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच बसला. म्हणून आयरिश मजकुरात एचांचं पीक दिसतं.

"कॉनमाराहून" म्हणताना ओ लागतो, त्यानंतर ख़ॉनमारा. षष्ठीतही तेच, "कॉनमाराची माणसं" म्हणजे मुन्तिर ख़ॉनमारा. तुमच्या पोनीवरचा एच हाच.

निशिगंधा_डब्लिन
मुलगी इथल्या प्राथमिक शाळेत आहे, तिला आयरिश सक्तीचं, त्यामुळे मलाही. शेव्हू आणि उरू हे दोन शब्द घरात मिक्सर-कुकरइतके ऐकू येतात. पण भाषाखोर, एक सांगा, "गो" नंतर काहीच का होत नाही? पाटीवर सरळ कॉनमारा. आणि मी कॉनमाराची आहे हे "आस कॉनमारा" म्हणूनही सांगतात, तिथेही काही नाही. टीचर म्हणतात पाठ करा.

भाषाखोर
टीचरचा सल्ला व्यवहारी आहे :) पण कारण आहे. "इ" च्या शेवटी पूर्वी अनुनासिक होतं. ते पुढच्या शब्दाला चिकटलं, त्यातून उरू जन्मला. ज्या शब्दांच्या शेवटी स्वर होता त्यांच्यापुढचं व्यंजन दोन स्वरांत सापडून मऊ पडलं, तो शेव्हू. "गो" आणि "आस" यांच्या शेवटी व्यंजन होतं, त्यामुळे पुढचं व्यंजन वाचलं. "गो" नंतर स्वर आला तर मात्र ह येतो, स्कॉटलंडला म्हणजे "गो हॉलबन". थोडक्यात संधी आहे, फक्त संधी घडवणारा आवाज शेकडो वर्षांपूर्वी मेला आणि परिणाम राहिला.

खवट_काकू
म्हणजे सासू गेली पण तिचे नियम घरात चालू.

मीठभाकर
काकू =))

दगडी_पाटा
व्याकरण झालं, आता नावाकडे येऊ. कॉनमारा हे मुळात जागेचं नाव नाहीच, लोकांचं नाव आहे. कॉनव्हाक्ने नावाचं एक कुळ होतं, म्हणजे कॉनमाक नावाच्या मूळपुरुषाचे वंशज. त्यांच्या शाखा पश्चिमेच्या कॉनॉक्ट प्रांतभर पसरलेल्या, एक आजच्या लीट्रिम काउंटीकडे, एक मेयो काउंटीच्या दक्षिणेला, एक समुद्राकाठी. आता सगळेच कॉनव्हाक्ने म्हटल्यावर ओळखायचं कसं, म्हणून प्रत्येकाला शेपटी जोडली. आपल्याकडे वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी असतं तसं. समुद्राकाठच्यांना लागलं "मारा". मुइर म्हणजे समुद्र, मारा म्हणजे समुद्राचे. कॉनव्हाक्ने मारा बोलता बोलता मधून झिजलं आणि कॉनमारा उरलं. बाकीच्या शाखांची नावं नकाशावरून जवळजवळ पुसली गेली, हीच तेवढी टिकली.

त्यामुळे या नावाला पुढे आणखी विभक्ती लागत नाही. "मारा" आधीच षष्ठीत आहे, त्याची परत षष्ठी काय करणार. डोकं बदलतं, शेपूट गप्प.

दंतकथेत हा कॉनमाक म्हणजे कॉनॉक्टची राणी मेव्ह आणि फर्गस यांचा मुलगा. तिघे भाऊ, किआर, कॉर्क आणि कॉनमाक. किआरचे वंशज म्हणजे किआरी, इंग्रजीत केरी काउंटी. म्हणजे केरी आणि कॉनमारा हे कथेपुरते चुलत भाऊ. इतिहास म्हणून याला किंमत नाही, वंशावळी राजकारणाप्रमाणे जुळवायचे, पण एकदा ऐकलं की नकाशा लक्षात राहतो.

पाऊसवेडी
मी दोन वर्षं गॉलवेला होते, तिथे आमचा घरमालक सांगायचा की कॉनमारा म्हणजे "क्वान ना मारा", समुद्राच्या खाड्या. किनारा बघितला तर पटतंही, इतका कातरलेला आहे की समोर दिसणाऱ्या घरी जायला गाडीने अर्धा तास लागतो.

दगडी_पाटा
घरमालक गोड आहेत पण हे नंतर जुळवलेलं. "ना" हे उपपद आहे, इंग्रजी "द" सारखं, जुन्या नावात ते नाहीच. आणि जुन्या हस्तलिखितांमध्ये कॉनव्हाक्ने मारा असं पूर्ण नाव सापडतं म्हटल्यावर खाड्या शोधायची गरज उरत नाही. आपल्याकडेही प्रत्येक गावाला रामाने बाण मारलेला असतोच की.

सनातन_शोधक
सगळे पाश्चात्यांच्या चष्म्यातून बघतायत. "मारा" हे उघड संस्कृत आहे. मरुत, मर्यादा, मारवाड! समुद्राची मर्यादा म्हणून मारा. कॉन म्हणजे कोण. समुद्राचा कोण, कोपरा. नकाशा उघडून बघा, कोपराच आहे. पण आपल्याच लोकांना आपलं नको असतं.

मीठभाकर
पॉपकॉर्न संपले, चिवडा काढतो.

भाषाखोर
शोधक, मारवाड म्हणजे मरुभूमी, वाळवंट. आयर्लंडच्या त्या कोपऱ्यात वर्षातून किती दिवस कोरडे जातात ते धागाकर्त्याला विचारा. मुइरचे नातेवाईक लॅटिन मारे आणि जर्मन मेअर. मुंबईच्या मरीन लाइन्समधला मरीनही त्याच खानदानातला, लॅटिनकडून आलेला.

पण थांबा, तुमच्या कामाची एक गोष्ट देतो. कॉनमाक मधला "कॉन" हा "कू" म्हणजे कुत्रा, शिकारी कुत्रा, याचं रूप मानतात, माक म्हणजे मुलगा. कू ची षष्ठी कॉन. आता संस्कृतात श्वा ची षष्ठी काय? शुनः. कू-कॉन आणि श्वा-शुनः ही एकाच मुळापासून निघालेली जोडी आहे, आणि हे त्या पाश्चात्य चष्मेवाल्यांनीच शोधलंय. तेव्हा समुद्र सोडा, श्वान घ्या.

सनातन_शोधक
म्हणजे संस्कृतच मूळ. मी तेच म्हणतोय.

भाषाखोर
भाऊ आहेत, बाप-लेक नाहीत. असो.

खवट_काकू
कुत्र्याचा मुलगा हे कुळाचं नाव म्हणून अभिमानाने मिरवतात? आमच्याकडे हे म्हटलं की मारामारी होते.

दगडी_पाटा
काकू, तिकडे शिकारी कुत्रा म्हणजे शूराची उपमा. त्यांचा सगळ्यात मोठा वीर कू हुलिन, म्हणजे कुलानचा कुत्रा. आपण नरसिंह म्हणतो, ते नरश्वान म्हणायचे.

अजून एक, कॉनॉक्ट या प्रांताच्या नावातला कॉन वेगळा बरं का. तो कॉन नावाच्या राजाचा, दोन एनवाला. इंग्रजांनी कॉनमारालाही दोन एन दिल्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. आयरिश स्पेलिंग पाहिलं की घोळ होत नाही.

चेन्नईतला_पाहुणा
अवांतर, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. चेन्नईत एग्मोरला कॉनेमारा लायब्ररी आहे, 1896 साली उघडलेली, लाल इमारत. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना जाते त्यातलं एक, मुंबईच्या टाउन हॉलच्या सेंट्रल लायब्ररीचं भावंडच म्हणा. नाव मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कॉनेमारा यांच्यावरून. माणसाचं खरं नाव रॉबर्ट बर्क, 1886 ते 1890 गव्हर्नर, आणि कॉनेमारा ही 1887 ची पदवी. तमिळ पाटीवर मात्र "कन्निमारा" लिहिलंय. आता कन्निमार म्हणजे तिकडच्या सात कुमारी देवता, आपल्या साती आसरांसारख्या. एका रिक्षावाल्याने मला गंभीरपणे सांगितलं की लायब्ररीच्या जागी पूर्वी त्यांचं ठाणं होतं.

पाऊसवेडी
कुठे आयरिश कुत्रा आणि कुठे साती आसरा! हा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला.

दगडी_पाटा
पाहुणे, त्यात भर घालतो. या रॉबर्ट बर्कचा थोरला भाऊ म्हणजे लॉर्ड मेयो, व्हाइसरॉय, ज्याचा 1872 मध्ये अंदमानात शेर अली आफ्रिदीने खून केला. अजमेरचं मेयो कॉलेज त्याच्याच नावाचं. मेयो म्हणजे माय ओ, यू नावाच्या झाडांचं मैदान, आणि ही काउंटी कॉनमाराला लागूनच आहे. दोन शेजारी मुलूख, दोन भाऊ, आणि दोन्ही नावं हिंदुस्थानात येऊन इमारतींना चिकटली.

नावात_काय
गावाच्या नावावरून माणूस म्हटलं की लिओ वराडकर आलेच पाहिजेत. मालवण तालुक्यातलं वराड, तिथले ते वराडकर, आणि 2017 ला आयर्लंडचे पंतप्रधान. आता उलटं बघा, कॉनमारा हे माणसांच्या नावावरून पडलेलं जागेचं नाव. आपण गावाला कर लावून माणूस करतो, त्यांनी माणसं घेऊन मुलूख केला.

निशिगंधा_डब्लिन
वराडकर नसते आले तर धागा अपूर्ण राहिला असता :)) आयर्लंडवरच्या प्रत्येक मराठी चर्चेत ते येतातच.

रॉथकार्नशेजारी
मी मीथ काउंटीत राहतो, म्हणजे कॉनमारापासून अख्खा देश ओलांडून पूर्वेला. पण आमच्या जवळच रॉथ कार्न गाव आहे, तिथे कॉनमाराची आयरिश बोलतात. 1935 साली सरकारने कॉनमारातली 27 कुटुंबं उचलून इथे जमिनी दिल्या. तिकडे खडकात बटाट्याला माती मिळेना, इकडे काळीभोर जमीन. लोकांनी जमीन बदलली, भाषा नाही बदलली. पण आजूबाजूला सगळं इंग्रजी, आणि अधिकृत गेल्टाक्ट, म्हणजे आयरिशभाषी प्रदेश, म्हणून दर्जा मिळायला 1967 उजाडलं. मी तिथल्या दुकानात "गो रेव्ह माह अगत" म्हणून आभार मानले तर आजी इतक्या वेगाने सुरू झाल्या की मी ब्रेड विसरून आलो.

आमच्या मीथचं नावही गमतीचं आहे. आयरिशमध्ये अन व्ही, म्हणजे मधला. प्रांताला शब्द कूइगे, त्याचा अर्थ पाचवा हिस्सा, आणि आज प्रांत आहेत चार! तो हरवलेला पाचवा म्हणजे आमचा मधला.

गॉलवेला_नवीन
रॉथकार्न, हे भारी. पण मग एक विचारतो, मीथला "अन" लागतो, कॉनमाराला का नाही? क्लिफ्डनला अन क्लोख़ान लिहितात, स्पिडलला अन स्पिज्येल.

भाषाखोर
क्लोख़ान, स्पिज्येल हे मुळात साधे शब्द. स्पिज्येल म्हणजे इस्पितळ, त्याच गोत्रातला शब्द. साधा शब्द विशिष्ट जागेला लावायचा तर "अन" हवा. कॉनमारा हे कुळाचं विशेषनाम, त्याला नको. गंमत म्हणजे भारताला आयरिशमध्ये "अन इंडिया", उपपदासकट आणि स्त्रीलिंगी. "भारतात" म्हणजे "सन इंडिया".

कुळाच्या नावांचं अजून एक नमुनेदार उदाहरण देतो, मग थांबतो. ऑफली काउंटी. आयरिशमध्ये तिचं नाव "ईव्ह आली". यातला ई म्हणजे वंशज, ओब्रायन-ओकॉनर मधला ओ त्याच शब्दाचा, तो एकवचनी. मग ईव्ह मधला व्ह कुठला? ती जुनी चतुर्थी अनेकवचनाची विभक्ती. म्हणजे "वंशजांकडे", "वंशजांमध्ये" असं रूप आज प्रथमा म्हणून वापरतात. कॉर्क शहराचंही तसंच, दलदलीला शब्द कॉरकाख़, पण शहराचं नाव विभक्ती लागलेलं कॉरकिग. कारण उघड आहे, गावाचं नाव आपण कर्ता म्हणून किती वेळा घेतो? कायम "तिथे जातो, तिथून आलो, तिथे राहतो". जे रूप तोंडात रुळलं तेच नाव झालं.

नावात_काय
मला एक शंका. नक्की कॉनमारा कुठून कुठपर्यंत? गॉलवे सोडलं की लगेच फलक लागतात, हॉटेलवाले तर सगळेच कॉनमारावाले.

पाऊसवेडी
यावर मी गॉलवेच्या पबमध्ये भांडण होताना पाहिलंय. जुनं कॉनमारा म्हणजे फक्त पश्चिम टोक, साधारण बॅलिनाहिंच बॅरनी (बॅरनी म्हणजे काउंटीचा जुना पोटविभाग), क्लिफ्डनच्या आजूबाजूचं. स्पिडलच्या बाजूचे लोक स्वतःला कोश अरगे म्हणजे समुद्रकाठचे म्हणवतात, त्यांना कॉनमारात मोजलं तर काहींना राग येतो. आणि जिथे आयरिश खरोखर रोज बोलली जाते, रेडिओ ना गेल्टाक्ट या आयरिश भाषेतल्या रेडिओचं मुख्य केंद्र जिथे आहे ते कास्ला वगैरे, तो दक्षिणेचा पट्टा जुन्या हद्दीत धड बसत नाही. पण आज त्यालाच दक्षिण कॉनमारा म्हणतात. नाव पूर्वेकडे सरकत सरकत आलं. मला तरी जिथे पाट्या फक्त आयरिशमध्ये आणि समोर दगडी बांध सुरू होतात तिथून कॉनमारा, बाकी हद्दी महसूलवाल्यांनी बघाव्यात.

निशिगंधा_डब्लिन
एकदा गूगल मॅपवर इंग्रजी नाव टाकून निघालो आणि गेल्टाक्टात पाट्या फक्त आयरिश, नवरा म्हणाला रस्ता चुकलो, लेक मागून ओरडली "बाबा, अन क्लोख़ान म्हणजेच क्लिफ्डन!" फीचे पैसे वसूल.

खवट_काकू
इतकं सगळं झालं पण मला मराठीचं सांगा. कॉनमारात की कॉनमाऱ्यात? धाग्यात सगळे "कॉनमारात, कॉनमाराची" लिहितायत. साताऱ्यात, गोव्यात, आग्र्यात, ढाक्यात चालतं, मग याने काय घोडं मारलं?

भाषाखोर
काकूंनी बरोबर नस पकडली. आकारान्त पुल्लिंगी धरलं तर कॉनमाऱ्यात. पण कॅनडाला आपण कॅनड्यात म्हणत नाही, कॅनडात. परकं नाव पाहुणा असेपर्यंत त्याचं सामान्यरूप करत नाही, घरचं झालं की करतो. आणि स्त्रीलिंगी धरलंत तर अमेरिकेत सारखं कॉनमारेत.

मीठभाकर
कॉनमारेत =)) मासळीचा प्रकार वाटतो.

गॉलवेला_नवीन
आमच्या गॉलवेच्या मराठी ग्रुपवर मी रविवारच्या सहलीचा मेसेज टाकलाय, "रविवारी कॉनमाऱ्याला जाऊ". एकानेही हटकलं नाही, फक्त डबे कोण आणणार यावर वाद चालू आहे.

सनातन_शोधक
साताऱ्यासारखंच चालतं म्हणजे मारा मूळ मराठीच.

खवट_काकू
शोधक, रविवारी तुम्हीही जा त्यांच्याबरोबर. पोळ्या तुमच्याकडे.